मास्तरची मधली जागा

आसपासच्या तीन बँडपथकांनी मिळून मंगरूळपीरच्या मंगल कार्यालयात बाबूलाल मास्तरच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता. मास्तर तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या गोवेकराकडे सॅक्सोफोन शिकला, आणि मानोऱ्याजवळच्या तांड्यावर परतून त्याने बँडसाठी स्वतःच्या चाली बांधल्या. त्यातली नवरीच्या पाठवणीची चाल जिल्हाभर वाजे. तिचा मधला तुकडा तो एकटा वाजवी. बाप गेल्यापासून मास्तरच्या लेकीला, उज्ज्वलाला, नेमका तोच तुकडा आठवत नव्हता. तेवढ्यासाठी ती आली होती.

शोभा यावी म्हणून संयोजकांनी वादकांना खुर्च्यांवर बसवलं होतं. चाल सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला विस्कटली. ट्रंपेट पुढे धावले, ढोल मागे राहिला.

"मास्तर असता तं एकेकाच्या कानाखाली वाजवली असती," मागून कुणीतरी म्हणालं. थोडं हसू उठलं आणि विझलं.

ट्रंपेटवाला सेवादास उठून उज्ज्वलापाशी आला. मास्तरचा सगळ्यात जुना गडी.

"पोरी, आमाले बसून नाई जमत. त्यानं चालता चालता शिकवलं. तो पुढं उलटा चाले, आमच्याकडं तोंड करून. त्याची मान खाली गेली का आमी सूर उचलू. आता तू चाल."

"मले कुठं येते, काका?"

"आमाले तरी कुठं येते त्याच्यावाचून?"

मधला तुकडा कोण वाजवणार, हे तिने विचारलं. सेवादास म्हणाला, कोणीच नाही. मास्तर दर लग्नात तो वेगळाच वाजवी, मग कोणी उचलणार कसा. ती जागा रिकामीच ठेवू.

सगळे रस्त्यावर आले. उज्ज्वला उलटी चालू लागली. पावलं पडत गेली तशी चाल जुळली, अगदी लहानपणी ऐकलेली. मग मधली जागा आली. ट्रंपेट खाली झाले. एकट्या गोविंदसिंगचा ढोल चालत राहिला आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले.

तिने कान देऊन ऐकलं. काहीच आलं नाही. तरी तिला ती जागा संपवायची नव्हती. ढोल असाच पार पुढच्या शेलूबाजार गावापर्यंत गेला असता तरी ती चालली असती. पण डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिने मान खाली घातली.

इशारा समजून सगळ्यांनी एकदम सूर उचलला.