दोनदा वाकवलेली पिन

"सापडली!" मी इतक्या जोरात ओरडलो, की शेडच्या दाराशी पेंगणारा पहारेकरी स्टुलासकट उठला.

जायरोकॉप्टर, म्हणजे डोक्यावर पाती फिरणारे छोटे विमान, शेतात कोसळून वैमानिक ठार झाल्याला नऊ दिवस झाले होते. ती पाती धरून ठेवणारा मुख्य बोल्ट हवेतच निखळला होता. देखभाल वैमानिकाच्या धाकट्या भावाकडे. आदल्या सकाळच्या तपासणीवर सही त्याचीच. नट सैल होऊ नये म्हणून आरपार घालून वाकवायची दोन पायांची पिन तो विसरला, असे सर्वांनी ठरवून टाकले होते. परवाना जाणार, कदाचित तुरुंगही. वैमानिकाच्या पत्नीने, म्हणजे त्याच्या वहिनीने, तर त्याचे तोंड पाहणे सोडले होते.

चौकशी अधिकारी या नात्याने मी मात्र त्या शेतातली माती चाळत राहिलो. एकविसाव्या घमेल्यात पिनेचा तुटका पाय मिळाला.

लगेच दीर-भावजय दोघांना बोलावून घेतले. मी भिंग पुढे सरकवले.

"पाहा! पिन एकदाच वाकवायची, काढली की फेकायची. हिच्यावर वाकवल्याच्या दोन खुणा आहेत. दुसऱ्या खुणेपाशी तुटली."

"साहेब, मी कोरी पिन घातली होती," धाकटा उसळून म्हणाला. "जुनी पिन परत वापरण्यावरून दादाशी किती भांडलोय! 'पिनांचा पुजारी' म्हणायचा मला."

"म्हणजे तुमच्या सहीनंतर कुणीतरी ती काढली, सरळ केली आणि पुन्हा घातली. कुणी?"

वहिनींनी भिंगावरची नजर काढली नाही.

"त्या संध्याकाळी वारा सुटला होता. पात्यांसकट यंत्र शेडमध्ये मावेना, म्हणून यांनी बोल्ट काढून पाती उतरवली. सकाळी परत चढवली. शिडी मी धरली होती."

"आणि पिन?"

"नव्या पिना भाऊजींच्या कपाटात, कुलपात. हे म्हणाले, 'त्याला कशाला उठवतेस? तीच दे, एका फेरीनं काय होतंय!'" त्यांनी उजवा हात पुढे केला. "मी दिली. ह्या हातानं."

धाकटा ताडकन उभा राहिला. "साहेब, हे लिहू नका. चूक माझी, असंच लिहा. माझं मी बघतो."

"गप्प बसा, भाऊजी!" वहिनी कडाडल्या. "नऊ दिवस तुम्हाला खुनी म्हटलं मी, चारचौघांत. आता खरं तेही चारचौघांतच सांगणार. लिहा, साहेब."

मी टोपण काढेपर्यंत स्वतःच लिहायला त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलेही होते.