गोठ्यातलं लेथ

तळोज्याच्या कंपनीतून आमचे हे रिटायर झाले, तेव्हा मला वाटलं, आता तरी माणूस घरात बसेल. कसलं काय! आमच्या नेरे गावातले बाकीचे म्हातारे विमानतळ कधी होणार याच्या गप्पा ठोकत बसायचे, आणि आमच्या यांनी पनवेलच्या भंगारवाल्याकडून लोखंड-पितळ कातायचं जुनं लेथ मशीन उचलून आणलं. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तिथे सिमेंट ओतून मशीन बसवलं आणि मला हळदकुंकू लावायला बोलावलं. ते मी लावलं. पण मशीन फिरायला लागलं तशी मी जरा पुढे सरकले, तर हे माझ्यावरच खेकसले.

"शकू, मागं हो! आदी बांगड्या काढ!"

कंपनीत एकाचा हात मनगटातल्या कड्यामुळे फिरत्या मशीनमध्ये ओढला गेलेला यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून लेथजवळ कडं नाही, अंगठी नाही, लोंबता पदर नाही. पदर मी खोचला. पण बांगड्या? नवरा समोर धडधाकट उभा असताना हात रिकामे करू?

"मी नाय काढणार. तुमच्यासाठीच घातल्यात ना?"

"मंग उंबऱ्यातच रव."

मग काय, ते आत आणि मी उंबऱ्यात. "पितळेचा कीस कसा सोन्यावानी उडतो, जवळून बघ ना एकदा," म्हणून लहान पोरासारखे मागे लागायचे. मीही हट्टी. दारातून मला त्यांची नुसती पाठ दिसायची.

एकदा माझ्या विळीचं पातं डुगडुगायला लागलं. त्याला यांनी पितळेचा नवा बोल्ट करायला घेतला. अर्धा झाला होता. दुपारी जेवायला म्हणून आले, हात धुतले आणि ओटीवरच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता, त्यांचाच. ज्यांच्यासाठी इतक्या जपल्या, तेच असे न सांगता निघून गेले.

दिवसकार्य उरकल्यावर माझ्या मुलाने, दीपेशने, गोठा उघडला. बापाच्या हाताखाली तो थोडंफार शिकला होता. अर्धा बोल्ट तसाच मशीनमध्ये अडकवलेला होता.

"आये, पुरा करतो," म्हणाला.

मशीन फिरायला लागलं. मी पदर खोचला आणि उंबरा ओलांडला. पावलं ऐकून तो वळूनही न बघता अगदी बापाच्या आवाजात ओरडला, "मागं हो! आदी बांगड्या काढ!"

मग वळला. माझ्या हातांकडे बघून त्याचा चेहराच उतरला. घाईघाईने मशीन बंद करायला गेला.

"बंद नको करू," मी म्हटलं. "तुझ्या बापाला मना ह्येच दाखवायचं होतं."

मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. पिवळाधमक कीस उडत होता, माझ्या मोकळ्या मनगटांवर बसत होता. चटके लागत होते, तरी हात मागे घ्यावासा वाटेना. खरंच फार सुंदर दिसत होतं. पण हे आता सांगू कुणाला?