मुठीची ज्वारी

पत्र्याच्या डब्याचं झाकण खणकन वाजलं. दुपारी सगळी गल्ली आडवी झाली होती. हरिओमला मी नुकतंच छातीवरून उतरवून झोळीत टाकलं होतं. त्यात तो आवाज.

"आरोही, हळू गं. उठला तर तूच घेऊन बसशील."

"मूठ घालतेय," आतून उत्तर आलं. "आज रविवार हाय. मोहिनीमावशी येनार."

मी दारातून पाहिलं. सात वर्षांची माझी लेक चवड्यांवर उभी राहून कोठीतली ज्वारी काढत होती. एक मूठ डब्यात, मग अजून एक.

"एकच असती गं बाई."

"माझी मूठ ल्हान हाय ना. म्हणून दोन."

एरवी मी तिला उचलून मुका घेतला असता. त्या दिवशी मात्र ते मला टोचलं. माझ्या आजारपणात पाण्याचा तांब्या आणायला हिला तीनदा हाक मारावी लागते, आणि मोहिनीकडं ही शाळा सुटली की पळते, तिच्यासाठी न सांगता दोन दोन मुठी घालते.

ही रीत दसऱ्यापासूनची. आमच्या गावची निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. पोरं बरोबर नेली की शाळा बुडते आणि मागं ठेवावीत तर सांभाळायला कुणी नाही. मोहिनीनं ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामाच्या दोन खोल्या मागून घेतल्या आणि एकोणीस पोरांची राहायची सोय केली. संस्था काढली, पण पावतीपुस्तक काही छापलं नाही. "पैसे मागितले की माणूस आधी तोंड बघतो," ती म्हणाली होती. "रोज भाकरीच्या आधी एक मूठ ज्वारी बाजूला टाका. रविवारी मी गोणी घेऊन येते."

मोहिनी या गावची लेक, मी सून. पण ओळख त्याआधीची. शिरूर कासारला शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. गणितात तिची दांडी उडायची, वही माझी असायची. वर्गात पहिली मी यायची. आता ती स्कुटीवर फिरते, इस्त्रीचा ड्रेस घालते, तहसीलदार तिला 'मॅडम' म्हणतात, आणि माझं पदवीचं सर्टिफिकेट सासूबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली आहे. त्यात कुणाचा दोष नाही. धर्मराज चांगला माणूस आहे, पोरं दोन सोन्यासारखी आहेत. तरी रविवारी ती दारात आली की मी आधी पदर सारखा करायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

सासूबाई तिला कानाच्या कपातून चहा द्यायच्या. "सत्यशीला, साखर जादा टाक गं, दिवसभर हिंडती पोरगी," म्हणायच्या. "लेक असावी तर अशी." मी साखर जादा टाकायची.

दिवाळीच्या आधी तिनं मला विचारलंही होतं, "सत्या, संध्याकाळी तासभर येशील का पोरांना गणित शिकवायला? माझं तुला ठाऊकच आहे." ती हसली. मला वाटलं, आता हिच्या हाताखाली कामाला जायचं का! हरिओमच्या दुधाचं निमित्त पुढं केलं आणि नाही म्हणाले. त्याच आठवड्यापासून मी एक गोष्ट सुरू केली. आमच्याकडं दोन कोठ्या आहेत. एक यंदाच्या ज्वारीची, आणि कोपऱ्यात एक दोन सालं जुनी, किडलेली, सोंडे लागलेली. सासूबाईंनी त्यात सीताफळाचा वाळका पाला कालवून ठेवलेला. बाकी गाव कडुनिंब घालतं. सीताफळाचा पाला आमच्याच घरची खोड, त्यांच्या माहेराहून आलेली. मोहिनीच्या डब्यात मी त्या कोपऱ्यातल्या कोठीतून मूठ घालू लागले. वरच्या दोन मुठी आरोहीच्या, चांगल्या कोठीतल्या. खालच्या साऱ्या माझ्या.

आपल्याला काय, मी मनात म्हणायची, द्यायचं म्हणून दिलं. देताना दाणे कोण बघतं?

धर्मराजची भाकरी घेऊन रानात जाताना वाटेत बंकटआबांचं मेंढ्यांचं वाडगं लागतं, काट्यांच्या कुंपणाचं. एके दिवशी आबा एका नुकत्याच व्यालेल्या मेंढीपुढं गोणपाटावर ज्वारी पसरत होते. मी कोकरू बघायला थांबले आणि ज्वारीत पाला दिसला. सीताफळाचा.

"आबा, ही ज्वारी कुठली?"

"मोहिनीताईची की. पार पोखरलीय. माणसाच्या तोंडी लागायची न्हाई. मेंढीला काय, तिला सोंडेबी गोड." आबा हसले. "दोन पायल्या ही घेतो अन माझी चांगली एक पायली देतो. रानात मेंढ्या बसवल्या की लोक खतापायी ज्वारी देतेत ना, ती. लेकरांनी किडे खावं व्हय?"

मी वाटेला लागले. कान तापले होते. म्हणजे तिनं दाणे पाहिले होते. दर रविवारी माझ्या हातातून डबा घ्यायची, गोणीत रिकामा करायची, "येते गं सत्या" म्हणायची. एकदाही काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर बरं वाटलं असतं. तिच्या त्या न बोलण्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीवर गेले. नंबर लावून बायका बसल्या होत्या. रतनबाईच्या हातात पेपर होता. तिला वाचता येत नाही, फोटो तेवढा दाखवत होती.

"बघा गं, आपली मोहिनी पेपरात! शाल, नारळ, समदं. आन आपल्या पोरी? चुलीम्होरं!"

"तुमची चूल तरी पेटती का वेळेवर, रतनमावशी?" कुणीतरी टोमणा मारला. बायका हसल्या.

रतनबाई माझ्याकडं वळली. "तुज्याच वर्गात व्हती न्हवं ही? मंग तू कावून अशी राहिलीस गं?"

गिरणीचा पट्टा फटफटत होता. मी म्हणाले, "पेपरात फोटो आलाय, पण ज्वारी मेंढ्या खातेत."

"म्हंजी?"

"म्हंजी काही न्हाई. बंकटआबांच्या वाडग्यात पाहिली. आपल्या मुठीची."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. ती किडकी होती, बदलून घेतली होती, हे दोन शब्द मी जिभेखाली धरून ठेवले. पिठाचा डबा घेऊन घरी आले तेव्हा पाय हलके पडत होते. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी हरिओमला गाणं म्हणून निजवलं.

चार दिवसांत मारुतीच्या पारावर माणसं जमली. मोहिनीला बोलावून घेतलं होतं. जो तो आपापली जुनी जखम घेऊन आला होता. रतनबाई म्हणाली, "मागं त्यो चष्मेवाला आलता, डोळे तपासले, वर्गणी नेली. चष्मे कुठंयत? म्या अजून चाचपडतीय!" आप्पारावांचं वेगळंच. त्यांच्या मोबाईलवर दवाखान्यात नळ्या लावलेल्या लेकराचा फोटो आला होता, त्यांनी पैसे टाकले, आणि महिन्यानं तेच लेकरू दुसऱ्या नावानं, दुसऱ्या गावचं म्हणून आलं. "तवापास्नं म्या कसम खाल्ली," ते म्हणाले. "द्यायचं तर देवाच्या पेटीत. देव तरी खात न्हाई."

"देव न्हाई खात, पुजारी खातो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मोहिनी मात्र उभीच होती.

"मेंढ्यांना ज्वारी मीच दिली," ती म्हणाली. "किडकी होती. आबांकडून चांगली बदलून घेतली. पोरांनी तीच खाल्ली."

मग बायकांच्या बाजूनं एकच गलका.

"किडकी? आमी किडकी दिली व्हय?"

"माज्या घरची तर निवडलेली व्हती, देवाशपथ!"

"दान बी द्या आन चोर बी ठरा!"

आप्पाराव म्हणाले, "ताई, शक घेताय लोकावर, मग नाव घ्या. कुणाच्या घरची किडकी?"

बंकटआबा तोवर मेंढरं घेऊन गेवराईकडं गोदाकाठाला गेले होते. त्यांचा फोन लागत नव्हता. सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. होती ती मी. हरिओम माझ्या खांद्यावर होता, आरोही पदर धरून. मोहिनीची नजर बायकांवरून फिरत आली, माझ्यावर थांबली. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिनं नुसतं 'सीताफळ' म्हटलं असतं तरी गावानं आमच्या दाराकडं बोट केलं असतं.

"सगळी एकत्रच होती," ती म्हणाली. "कुणाचं नाव घेऊ?"

मी हरिओमला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तो झोपलेला होता, घ्यायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी ती गोणी घेऊन आली. गल्लीत कुणाची ज्वारी संपली होती, कुणाची दळायला गेली होती. सासूबाईंनी चहा केला नाही. "आमी गरीब मानसं, बाई," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "आमच्या दान्याला नावं ठिवनाऱ्याला कशाला द्यावं?" आरोही आत डबा पोटाशी धरून उभी होती. मी तो काढून घेतला. मोहिनी पायरीवरून मागं वळली. तिची गोणी घडी घातल्यासारखी सपाट होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, स्कुटी सुरू होईपर्यंत. मग नाही.

शुक्रवारी आरोही शाळेतून पळतच आली, दप्तर एका खांद्यावर.

"आई, स्वप्नाचे पप्पा आले. तिची पेटी काढली. तिला नेतेत!"

स्वप्ना म्हणजे आरोहीची शेजारीण, बाकावरची, मोहिनीच्या एकोणीस पोरांतली. नाथा आणि साखराबाईची एकुलती एक. पाढे तिला सतरापर्यंत येतात. आरोहीला बारापर्यंत, तेही स्वप्नानं पाठ करून घेतलेले.

मी हरिओमला काखेत मारलं आणि निघाले, आरोही मागोमाग. गोदामाच्या अंगणात पत्र्याची पेटी उभी होती आणि तिच्यावर शाळेच्या गणवेशात स्वप्ना बसली होती. मोहिनी तिची वेणी घालत होती. नाथाभाऊ उभेच होते, हातांवर उसाच्या पाचटाचे चरे.

"नाथाभाऊ, थांबा," मी म्हणाले. धाप लागली होती. "ती ज्वारी खरंच किडकी होती. आमच्याच घरची. मीच द्यायची. मला माहीत होतं, आणि गिरणीवर मीच बोलले. मोहिनीनं पोरांना एक किडका दाणा खाऊ घातला नाही."

मोहिनीचे हात थांबले. मग पुन्हा वेणीचा पेड घेऊ लागले. तिनं वर पाहिलं नाही.

नाथाभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"असंल वैनी, खरं असंल. पर आमी तितं उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. फोनवर कुणी म्हनतं, पोरांचं धान्य इकलं. कुणी म्हनतं, मेंढ्यांस्नी घातलं. आज तुमी तिसरंच सांगता. म्या कुणाचं धरू? तिची माय चार दिस झोपली न्हाई. म्हनती, पोरगी उपाशी हाय."

"उपाशी न्हाई, पप्पा," स्वप्ना म्हणाली. "काल पिठलं व्हतं."

"गप. तुला काय कळतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोर जवळ असली म्हंजी कुणावर इश्वास ठिवायचं कामच पडत न्हाई, वैनी."

"परीक्षेपुरतं तरी," मी म्हणाले.

"जीप थांबलीय."

मोहिनीनं वेणीला रिबीन बांधली, आत जाऊन फडक्यात दोन भाकरी आणल्या आणि स्वप्नाच्या दप्तरात घातल्या. मग मला म्हणाली, "सत्या, बाळाला ऊन लागतंय." बास. त्यात राग होता की माया, मला अजून कळलेलं नाही. त्या चार शब्दांत मी किती वेळा फिरून आले. हरिओम झोपतो, मी फिरते, तो उठतो.

जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आरोही हात हलवत राहिली. परतताना तिनं माझं बोट धरलं नाही. मी हरिओमच्या डोक्यावर पदर ओढून चालत होते. जो भेटेल त्याला खरं सांगायचं, असं ठरवत होते. रतनबाई भेटली, तिला सांगितलंही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळा मारून विचारलं, "किती दिले गं मोहिनीनं तुला?"

गल्लीच्या तोंडाशी आरोही थांबली. रडलेली होती, पण आता रडत नव्हती. वर माझ्याकडं बघत, हळू, जणू चूक कबूल करावी तशी म्हणाली,

"आई, मी मोहिनीमावशीकडं जास्ती जायची, म्हणून तू तसं बोलली का?"