घासलेले दगड

सुनेने पाण्यात हात घालून आणखी एक दगड उलटा केला. खालची बाजू लख्ख. किडा नाही, अळी नाही, शेवाळाचा ठिपकासुद्धा नाही. ओढे तपासणं हे तिचं रोजचं काम. वरच्या वळणावर आणि खाली पुलाजवळ दगडादगडाला जीव चिकटलेले तिने आत्ताच पाहिले होते. घरामागचा हा तुकडा तेवढा मेलेला.

काठावर सासरे बसले होते, हातात ब्रश. मुलगा गेला, म्हणजे हिचा नवरा, तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. ते या ओढ्याने सोडवलं. सकाळी उठायचं, कुजका पाला उपसायचा, दगड घासायचे. येणारेजाणारे थांबून वाहवा करत. म्हाताऱ्याला दोन घास जायला लागले होते.

"कसं काय आमचं पाणी?" त्यांनी विचारलं. "चकाचक केलंय की नाही?"

हो म्हणायला तिच्या बापाचं काय जात होतं? पण ओढ्याचं जात होतं. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, तो पाला म्हणजे त्यांचं जेवण. शेवाळही. आणि दगडाखाली त्यांची घरं."

"कोणाची?"

"किड्यांची. ते संपले की मासे जातात. मग पाणीही नासतं."

ते ब्रशचे केस बोटाने मोडत राहिले.

"म्हणजे मीच मारले."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ते खरं. पण मारले मीच."

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. तिने परोपरीने विनवलं. काठावर झाडं लावू, नाहीतर नुसते बसायला चला. ते हं म्हणत आणि कूस बदलत. न शिवलेलं ताट परत नेताना, मेलं माझं तोंड, असं तिला रोज वाटे.

पाला साठला. दगड हिरवे, बुळबुळीत झाले. उन्हाळ्याच्या तोंडाला तिने एक दगड उचलला, तर खाली बारीकशी अळी वळवळत होती. तिला रडूच फुटलं. बरणीत पाणी घेऊन, त्यात अळी सोडून ती ओल्या पायांनीच सासऱ्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, बघा ना. परत आलेत."

त्यांनी बरणी उजेडाकडे धरली. बराच वेळ निरखून पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत उभी होती.

"माझा हात लागला नाही, म्हणून आली," ते म्हणाले. "सोडून ये हिला. इथे मरेल."