धोंडिरामची पडवी

"धोंड्या, हे खिळे अर्धे बाहेर का रे ठेवलेस?" मी विचारलं.

शिडीवरच्या धोंडिरामने खिळ्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "च्यायला! वाट लागली."

आम्ही दोघे गोरेगावच्या एका स्टुडिओत कामाला. तो सुतार, मी रंगारी. तो फळ्यांचे राजवाडे उभे करायचा, मी त्यांना संगमरवर चढवायचो. शूटिंग संपलं की सगळं मोडून टाकायचं. लाकूड पुन्हा वापरायचं असतं, म्हणून खिळा पुरता ठोकायचा नाही. डोकं वर ठेवायचं, म्हणजे चटकन उपटता येतो. तीस वर्षं त्याच्या हाताला हीच सवय.

पण ही पडवी मोडायची नव्हती. ती मंजुळावहिनींसाठी होती, त्याच्या बायकोसाठी. वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. गल्लीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं अंगावर घेणारी ही बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागली. बोलणंही जवळजवळ बंद झालं. डॉक्टर म्हणाले, यांना माणसांत बसवा. दारापुढे तर दिवसभर रणरणतं ऊन. मग धोंडिरामने आठ दिवसांची रजा टाकली आणि घरापुढे लाकडी पडवी बांधायला घेतली.

आज पाचवा दिवस होता. फक्त कौलं चढवायची बाकी होती.

"ठोकून टाक ना आत," मी म्हटलं. "मी वरून झकास रंग मारतो. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! नुसत्या खिळ्यांवर उभं आहे हे, मधू. असलं तिच्या डोक्यावर नाय ठेवणार मी."

आणि त्या येड्याने पाच दिवसांचं काम संध्याकाळपर्यंत उतरवलं! मी चिडलो, नाही नाही ते बोललो. तो ऐकेल तर शपथ.

त्याचा बाप कोकणात घरं बांधायचा. खांबाला खाच पाडायची, तुळईचं टोक कोरून त्यात घट्ट बसवायचं, एक खिळा लागत नाही. धोंडिरामने हे लहानपणी नुसतं पाहिलेलं. पहिल्या दोन तुळया वाया गेल्या. रजा संपली, स्टुडिओतून निरोप आला, याने येत नाही म्हणून कळवलं. तिसरी तुळई बसली ती अशी, की दोघांनी लोंबकळून पाहिलं तरी हलली नाही. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. माझ्या हातचं एकही काम आज कुठे उभं नाही.

तेराव्या दिवशी आम्ही वहिनींना उचलून पडवीतल्या बाकावर आणून बसवलं. त्यांनी हळूच मागच्या खांबाला पाठ लावली.

"अगो, टेकू नको!" धोंडिराम ओरडला. सेटवर कोणी खांबाला हात लावला की तो असाच ओरडायचा.

वहिनींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "का? खांब पडतलो?"

धोंडिराम ओशाळला. "नाय गो," तो म्हणाला. "टेक. चांगली टेक."

वहिनींनी सगळा भार खांबावर टाकला. समोरून शेजारची नलिनी पाण्याची कळशी घेऊन चालली होती. "नलिनी," त्यांनी अडखळत हाक मारली, "लेकीक कितवो महिनो गो?"

नलिनी कळशी तिथेच ठेवून धावत आली. तिच्यामागून आणखी दोघीतिघी आल्या. धोंडिराम मात्र बराच वेळ तो खांब दोन्ही हातांनी धरून उभा होता.