नळी रुळेपर्यंत

बायको गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात होतो. वर पोहोचलो तर नर्सच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिच्या रायफलीची नळी गेल्याचं मात्र नंतर कळलं, एका सकाळी नेमबाजीच्या रेंजवर, आणि ते मला कुणी सांगितलं नाही. आकड्यांवरून कळलं.

आमच्या घरात कामाची वाटणी होती. नेमबाज ती, काडतुसं भरणारा मी. झाडलेली पितळी काडतुसं साफ करायची, दारू तोलून भरायची, वर गोळी दाबून बसवायची. हे काय करतात असं कुणी विचारलं की ती सांगायची, "आमच्याकडे दारूचं हेच बघतात." ऐकणारा गप्प व्हायचा आणि ती हसत पुढे जायची. रायफल उघडणं, पुसणं, नळीत गज घालून साफ करणं हे तिचं काम. मी तिच्या रायफलीला हात लावायचा नाही आणि तिनं माझ्या तराजूला. संसार झाला तितकी वर्षं हा नियम दोघांनी पाळला.

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "रायफल त्याला दे." त्याला म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. तिला माहेरचं म्हणून उरलेला तेवढाच. नेम धरायला त्याला तिनंच शिकवलं होतं. मी हो म्हणालो.

द्यायची तर तपासून द्यावी म्हणून मी ती रेंजवर नेली. तिच्यासाठी भरलेल्या काडतुसांचा एक डबा शिल्लक होता. बाकापुढे वेग मोजायचं यंत्र लावलं, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. माझा नेम असातसाच आहे, पण वेग मोजायला नेम लागत नाही. तिच्या रायफलीचा वेग मला घराच्या नंबरासारखा पाठ होता. माझ्या काडतुसाची गोळी सेकंदाला आठशे नव्वद मीटरनं जायची, थंडीत दोन-चार कमी. यंत्रानं दाखवलं आठशे अठ्ठेचाळीस.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. तिच्या आजारपणात भरलेली काडतुसं, लक्ष कुठे ठिकाणावर होतं? घरी येऊन दोन काडतुसं उघडली आणि आतली दारू तोलली. कणभरही फरक नव्हता. मग यंत्रावर संशय घेतला, बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वेग तसाच कमी, आणि वर आणखी एक विचित्र गोष्ट. गोळ्या झाडत गेलो तसा आकडा हळूहळू चढत होता. आठशे पन्नास, एक्कावन्न, मग त्रेपन्न.

जुनी नळी असं करत नाही. नवी करते. नवी नळी आतून खरखरीत असते, गोळ्या जाऊन जाऊन ती गुळगुळीत होते आणि वेग थोडा वाढतो. शंभरेक गोळ्यांनंतर तो एका जागी थांबतो. आमच्यात त्याला नळी रुळली म्हणतात. वेग नेमका का वाढतो यावर दहा जणांची अकरा मतं आहेत, पण वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. तिची नळी कधीच रुळलेली होती. मग ही कुणाची?

त्या दिवशी मी नियम मोडला आणि नळीत गज घातला. गजाच्या टोकाला ब्रश असतो. नळीच्या आत गोळीला फिरकी द्यायला पिळाचे आटे असतात, त्यांत ब्रश अडकतो आणि हातातली मूठ आपोआप फिरते. मूठ फिरत गेली आणि शेवटचे चार इंच उरले तेव्हा फिरायची थांबली. गज सैल पडला. पुढे नळी नव्हतीच. नळीसारखं दिसणारं पोकळ नळकांडं होतं, ॲल्युमिनियमचं, काळं केलेलं, आणि नेम धरायचा पुढचा काटा, म्हणजे माशी, त्यावरच बसवलेली. जोड शोधायला मला भिंग लागलं. बाहेरून मोजली तर रायफल पूर्वीइतकीच लांब होती.

गोळी नळीत असते तोवर मागचा वायू तिला ढकलत असतो. नळी इंचभर तोकडी केली की आमच्या काडतुसाला सात-आठ मीटरचा फटका बसतो. चार इंचांचे तीस गेले, उरलेले नवेपणाचे. हिशोब जुळला. कुणीतरी माझ्या बायकोची नळी काढून घेतली होती, तिच्या जागी तोकडी बसवली होती, आणि कळू नये म्हणून वर खोटं टोक लावलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. हॉस्पिटलच्या दिवसांत आमच्या घराची किल्ली मेहुण्याकडे होती. कपडे आणायला, दूध आत घ्यायला. या हंगामात त्याचा नेम एकाएकी सुधारला होता. आणि ती गेल्यापासून तो माझ्याकडे सरळ बघत नव्हता. तोवर मला ते दुःख वाटलं होतं.

रविवारी तो रेंजवर सापडला.

"भाऊजी, तुम्ही बाकावर? आज सूर्य कुठून उगवला?"

"चार काडतुसं तुझ्या रायफलीतून झाडून बघायची आहेत."

"कशाला?"

"दारू तपासतोय."

"माझ्याच रायफलीत?"

"तुझी आणि ताईची एका मापाची आहे ना. का, झिजेल?"

त्यानं रायफल दिली. मी यंत्र लावलं. आठशे एक्क्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद, नव्वद. मी शेवटचं रिकामं काडतूस खिशात टाकलं.

"गेल्या हंगामात हिचा वेग किती होता?" मी विचारलं.

"लक्षात नाही."

"नेमबाजाच्या लक्षात नाही?"

"ते काडतुसं भरणाऱ्याच्या लक्षात असतं. मी विकतची आणतो."

"नळी कुठून आणलीस?"

तो कानावरचे मफ काढून हातात फिरवत राहिला. "हे मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू? तिला?"

"भाऊजी, तुम्हाला रायफल द्यायची नसेल तर देऊ नका. मी मागितलेली नाही. पण हे विचारू नका."

"चोराच्या उलट्या बोंबा."

"मी कुठे बोंबललो?" तो म्हणाला. खरंच बोंबलला नव्हता. माझाच आवाज चढला होता आणि शेजारच्या बाकावरचे दोघं आपापल्या डब्यांत काहीतरी शोधत बसले होते.

नळी बदलणं घरच्या पान्याचं काम नाही. ते इथे बंदुकांचा एकच मिस्त्री करतो. म्हणजे तोही सामील. रेंजवरून मी तसाच त्याच्या कारखान्यात गेलो. लेथ चालू होता. त्यानं तो बंद करेपर्यंत मी थांबलो, कारण मला त्याचा चेहरा नीट बघायचा होता.

"तिच्या रायफलीची नळी कुणी बदलली?"

"मी," तो म्हणाला आणि चिंधीला हात पुसू लागला.

तो कानावर हात ठेवणार हे मी धरून चाललो होतो. पुढचं सगळं बोलणं त्यावरच बेतलेलं होतं.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"जिची रायफल तिच्या. बसा."

मी बसलो नाही.

"उन्हाळ्यात आल्या होत्या, भावाला घेऊन," मिस्त्री म्हणाला. "डाव्या हाताला पुढचा भार पेलवत नाही म्हणाल्या. नेम धरला की पुढची माशी आपोआप खाली जाते. मी म्हटलं, नळी तोकडी करू, पुढचं वजन उतरेल. माशी होती त्याच अंतरावर राहावी म्हणून वर हलकं नळकांडं बसवलं."

"मला कळू नये म्हणून बसवलं."

"तसंही म्हणाल्या. पण नळकांड्याचं मूळ काम माशीचं. जुनी नळी चांगली होती, वाया कशाला घालवायची म्हणून ती भावाच्या रायफलीला बसवून द्यायला लावली."

उन्हाळ्यात. तिच्या आजाराचं मला डॉक्टरांनी थंडीच्या तोंडावर सांगितलं. तेव्हा ती शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्यासारखीच ऐकत होती, जणू पहिल्यांदा.

"मला का नाही सांगितलं?"

"नळी रुळू दे म्हणाल्या. आत्ता सांगितलं तर ते यंत्र घेऊन बसतील, रोज नवा आकडा येईल आणि रोज विचारतील, हे असं का, ते तसं का. एकदा वेग थांबला की एकच आकडा सांगते, मग भरू दे त्यांना त्यावर बेतून काडतुसं."

बोलणं तिचंच होतं. मिस्त्रीला असं रचता आलं नसतं.

"किती झाडल्या तिनं?"

"थोड्याच. पुन्हा आल्या नाहीत."

"आणि हा तिचा भाऊ? ती गेल्यावर याच्या तोंडाला काय झालं होतं?"

मिस्त्रीनं चिंधी लेथवर ठेवली. "इथे येऊन गेला तो. सांगू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, सांगून मोकळा हो. तर म्हणाला, नळीचं सांगितलं की हाताचं सांगावं लागेल. हाताचं ताईनं मला सांगितलं आणि भाऊजींना नाही. हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मी घरी आलो. मेहुण्यावरचा संशय तिथेच उतरला, पण हलकं काही वाटलं नाही. आता मी तिचा उन्हाळा तपासत बसतो. पाण्याचं भांडं तिनं मला उचलायला लावलं होतं ते कशामुळे? बाटलीचं झाकण घट्ट बसलंय म्हणाली, ते खरंच घट्ट होतं का? फिरायला जाताना ती माझ्या उजव्या बाजूला यायची, ती कधीपासून डावीकडे यायला लागली? ज्याला हे माहीत असेल त्यालाच मी भर रेंजवर चोर ठरवून आलो.

सकाळी रेंजवर जातो. नवी नळी रुळवायची रीत आहे, एक गोळी झाडायची, मग गज घालून नळी साफ करायची, मग दुसरी गोळी. गज मीच घालतो. आकडा आता आठशे साठच्या आसपास आहे आणि पूर्वीपेक्षा सावकाश चढतो. थांबला की त्यावर बेतून काडतुसं भरीन आणि रायफल नि काडतुसं दोन्ही मेहुण्याला नेऊन देईन, असं मी मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, ही सबब आहे, दोन घरं पलीकडे राहतो तो. असेल सबब.

वेग अजून थांबलेला नाही. रायफल माझ्याच कपाटात आहे, आणि मेहुण्याकडे मी गेलेलो नाही.