आईची पहिली तक्रार
माझा राग नाकाच्या शेंड्यावर. आई नेमकी उलटी. शिंदखेड्याला एका लग्नात वरण चक्क आंबलं होतं, तरी यजमानांना वाईट वाटेल म्हणून या बाईने वाटी संपवली!

लकवा झाला आणि तिची वाचा गेली. मी तिला देवपूरला माझ्याकडे आणलं, मोबाईलवर एक फुकटचं ॲप टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो. आवाज सोबतीला येऊन राहिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीचा, बेबामावशीचा, थेट अहिराणीत भरलेला. ‘माले पानी दे’ असं मोबाईल म्हणाला तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे ती परत खुणांवर आली. मोबाईल उशाखाली गेला. मला वाटलं, कंटाळली असेल. एकदा मीच तिचं बोट धरून चित्रावर ठेवलं, तर मोबाईल गप्प. अपडेट आलं होतं, आणि आता पटकन टिचकी मारली तरच ॲप बोलायचं. आईचं बोट जड, उचलायला वेळ लागतो. म्हणजे माझी आई दुसऱ्यांदा मुकी झाली होती आणि घरात असून मला पत्ता नाही.

सांगितलं का नाहीस म्हणून मी तिच्यावरच ओरडले. जिला बोलता येत नाही तिच्यावर! उत्तर मावशीने दिलं. “फुकटनी वस्तू शे पोरी, तिले नावं कशी ठेवानी?”

मी सॉफ्टवेअरमधलीच. ॲपचा कोड सगळ्यांना खुला, तिच्या मोबाईलपुरतं दुरुस्त केलं असतं, पण पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. आणि जड बोटं काय एकट्या आईचीच आहेत? ॲप करणाऱ्यालाच कळवायचं ठरवलं. चांगलं झणझणीत लिहिलं आणि दोघींना वाचून दाखवलं, तर आईने डोळे वटारले. मग समजावलं, की अशी फुकट ॲप करणाऱ्या लोकांत चूक दाखवणं म्हणजे हातभार लावणं. तिने हात जोडून दाखवले. आधी आभार मान, म्हणे. मानले बाई.

ॲप करणारा कुठल्या तरी दूर देशातला शाळामास्तर. त्याने दुरुस्ती करून पाठवली, वर विनंती केली की एक नवं वाक्य भरा आणि आईंनाच तपासू द्या.

आई जेवत होती. काय भरू, विचारलं. तिने ताटाकडे पाहिलं, बोटांची चिमूट केली. मावशीने हसू दाबत आवाज भरला. आईने नव्या चित्रावर बोट ठेवलं, तसंच राहू दिलं, सावकाश उचललं.

“भाजीमा मीठ कमी शे.”

मी रांधायला शिकले तेव्हापासून माझ्या हातचं खातेय, कधी एक शब्द नाही. मी मीठ आणायला उठले आणि ओट्यापाशी रडत उभी राहिले. मागून मोबाईल पुन्हा तेच बोलला.

आणते ग, म्हटलं, आणते.